पोलादी पडद्यापलीकडे पोपमहोदयांचा आवाज

दरवर्षी २२ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा संत पोप जॉन पॉल दुसरे यांचा सण साजरा करते. संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी येतो. या संतांचे देहावसान २ एप्रिल २००५ रोजी झाले. मग ऑक्टोबरमधला हा दिवस कोठून आला? २२ ऑक्टोबर १९७८ रोजी रोममधील संत पेत्राच्या चौकात त्यांच्या पोपपदाच्या आरंभाची पवित्र मिस्सा झाली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ ही तारीख निवडण्यात आली आहे. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने ती संपूर्ण मिस्सा आपल्या दूरचित्रवाणीवरून थेट दाखवली. ज्या राजवटीने तीस वर्षे धर्माला प्रसारमाध्यमांच्या दाराबाहेर ठेवले होते, तिच्याच पडद्यावर आता क्राकूवचे कार्डिनल कारोल वोयतिवा पोप म्हणून उभे होते.

हा एक दिवस अपवादाचा होता. एरवी त्या देशात प्रत्येक प्रक्षेपक, प्रत्येक छापखाना आणि प्रत्येक वृत्तनिवेदक शासनाच्या ताब्यात असे. असे असताना पोपमहोदयांचा शब्द सामान्य माणसापर्यंत पोहोचत होता तो कसा, हे या लेखात आम्ही समजावून घेणार आहोत.

हा लेख आम्ही सोलापुरातील नवी पेठेतून लिहीत आहोत. या गजबजलेल्या बाजारपेठेत आज ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल दिसतो आणि रोममधील मिस्सा त्यावर त्याच क्षणी पाहता येते. आमच्या तरुण वाचकांना म्हणूनच शॉर्टवेव्ह रेडिओ म्हणजे काय, हे थोडे सांगावे लागेल. वडीलधाऱ्या वाचकांना ते सांगण्याचे कारण नाही. दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लावण्यासाठी ज्यांनी मर्फी किंवा फिलिप्सच्या संचाची घुंडी फिरवली आहे, त्यांना शॉर्टवेव्हची ओळख चांगलीच आहे. गाणे मध्येच विरून जाई, लाटेसारखे परत येई, आणि काटा केसभर सरकला की भलतीच भाषा ऐकू येई.

शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशात उंच जातात, वातावरणाच्या विद्युतभारित थरावर आदळून पुन्हा पृथ्वीकडे वळतात आणि अशा उड्या घेत हजारो किलोमीटर जातात. रोमहून नवी पेठेचे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेसहा हजार किलोमीटर, तर रोमहून वॉर्साचे अवघे तेराशेच्या आसपास. या लहरींना सीमेवरचा पहारेकरी अडवू शकत नाही. तेव्हा उपाय एकच उरतो, आणि तो म्हणजे त्याच लहरीवर आपलाही प्रक्षेपक लावून त्यातून नुसता गोंगाट सोडणे. कम्युनिस्ट राष्ट्रांनी हा उपाय मोठ्या प्रमाणावर योजला. घरघर, शिट्ट्या, यंत्राची एकसुरी करवत, असे काहीही चाले. मूळ शब्द कळू नये एवढाच हेतू असे. मात्र गोंगाट करणारी स्थानिक केंद्रे मोठ्या शहरांत असत आणि त्यांचा प्रभाव काही किलोमीटरपुरताच असे. त्यामुळे गावाकडे किंवा रानात गेले की तोच कार्यक्रम बराच स्पष्ट ऐकू येई.

आपल्या देशालाही या अनुभवाची थोडी चव आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, तेव्हा खरी बातमी काय हे जाणून घेण्यासाठी अनेक घरांत रात्री बीबीसी लावले जात असे. ती स्थिती एकवीस महिन्यांची होती. पोलंडमध्ये ती चार दशके टिकली.

व्हॅटिकन रेडिओची स्थापना मात्र कम्युनिस्ट राजवटीशी झगडण्यासाठी झालेली नव्हती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप पायस अकरावे यांनी लॅटिन भाषेतील संदेशाने त्याचे उद्घाटन केले. केंद्राची उभारणी स्वतः गुल्येल्मो मार्कोनी यांनी केली होती आणि कारभार येशूसंघीय धर्मगुरूंकडे सोपवण्यात आला. मुद्रित शब्दाच्या क्षेत्रात येशूसंघीयांचे काम आपल्याकडे परिचित आहेच. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेले ‘निरोप्या’ मासिक मराठी कॅथलिक घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. पण मासिकाला टपाल लागते, आणि टपाल उघडून पाहता येते. व्हॅटिकन रेडिओचे पोलिश कार्यक्रम १९३८ मध्ये, तर लिथुएनियन भाषेतील कार्यक्रम १९४० मध्ये सुरू झाले. लिथुएनिया त्याच वर्षी सोव्हिएत संघात ओढला गेला होता. तेथील छळाची नोंद ठेवणारी ‘लिथुएनियातील कॅथलिक ख्रिस्तसभेची बखर’ १९७२ पासून गुप्तपणे टंकलिखित होऊ लागली. तिच्या प्रती जिवावर उदार होऊन बाहेर पाठवल्या जात आणि तोच मजकूर व्हॅटिकन रेडिओवरून परत त्या देशात ऐकवला जाई. एका खेड्यात कोणा धर्मगुरूला अटक झाली, हे शेजारच्या खेड्याला रोममार्गे कळत असे.

दुसरे मोठे केंद्र म्हणजे म्युनिकमधील रेडिओ फ्री युरोप. त्याच्या पोलिश विभागाचे नियमित प्रसारण ३ मे १९५२ रोजी यान नोवाक यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. या केंद्राविषयी लिहिताना कॅथलिक लेखक कधी कधी एक गोष्ट गाळतात. आम्ही ती गाळणार नाही. १९७१ पर्यंत त्याचा खर्च अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेकडून, सीआयएकडून, छुप्या मार्गाने येत होता. त्यानंतर तो अमेरिकी संसदेच्या उघड अनुदानातून होऊ लागला. कम्युनिस्ट सरकार या केंद्राला परकीय हस्तक म्हणे, ते सर्वस्वी निराधार नव्हते. पण श्रोत्यांची कसोटी वेगळी होती. आपल्या गल्लीत काल घडलेली घटना हे केंद्र खरी सांगते की खोटी, हे श्रोत्याला पडताळून पाहता येत होते. सरकारी आकाशवाणी त्या कसोटीला उतरत नसे, एवढ्यावरच लोकांनी निवड केली.

या केंद्रांवरून बोलणारे अनेक जण मायदेशी परतू न शकलेले पोलिश लोक होते. त्यांच्यासारख्यांची कथा आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरूनही गेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले. त्यांतील जे इराणमार्गे बाहेर पडू शकले, त्यांपैकी सुमारे पाच हजार जणांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत आसरा मिळाला. त्यांत बहुतांशी स्त्रिया आणि मुले होती. छावणीत चर्च होते, शाळा होत्या, सणवार होत होते. युद्ध संपले, पण घर ज्या प्रदेशात होते तो सोव्हिएत संघात गेला आणि उरलेल्या पोलंडवर कम्युनिस्ट सत्ता आली. म्हणून वळिवड्याच्या अनेक कुटुंबांनी मायदेशाऐवजी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा दूरच्या वाटा धरल्या. पोलंड आणि निर्वासित पोलिश समाज यांच्यामध्ये पुढली चाळीस वर्षे जो धागा राहिला, त्यातील एक मोठा धागा रेडिओच होता.

१६ ऑक्टोबर १९७८ च्या संध्याकाळी कार्डिनल वोयतिवा यांची निवड जाहीर झाली, तेव्हा परदेशी केंद्रांनी ती बातमी तत्काळ दिली. वॉर्सातील सरकारी माध्यमांना मात्र ती कोणत्या शब्दांत सांगावी, हे आधी वरिष्ठांना विचारावे लागले. त्या नाताळात नव्या पोपमहोदयांनी आपल्या जुन्या क्राकूव धर्मप्रांताला पत्र पाठवले. त्यात संत स्तानिस्लाव यांचा उल्लेख होता. १०७९ साली राजाच्या हातून मारले गेलेले हे बिशप पोलंडचे आश्रयदाते संत आहेत. सत्ताधीशाला जाब विचारणाऱ्या बिशपांची आठवण सेन्सॉरला नको होती, म्हणून क्राकूवच्या कॅथलिक साप्ताहिकासाठी त्याने त्या ओळींवर कात्री चालवली. पोपमहोदय या संतांच्या नवशताब्दीसाठी मे १९७९ मध्ये येऊ इच्छित होते. सरकारने मे नाकारला आणि जून दिला.

२ ते १० जून १९७९ या नऊ दिवसांच्या यात्रेचे प्रसारण कसे झाले, हा या विषयाचा गाभा आहे. सरकारने दूरचित्रवाणी पूर्ण बंद ठेवली नाही. तसे केले असते तर सगळा देश परदेशी केंद्रांकडे वळला असता. त्याऐवजी काही कार्यक्रम देशभर दाखवायचे आणि बाकीचे त्या त्या भागापुरते ठेवायचे, असे ठरले. कॅमेरा कोठे रोखायचा याच्याही सूचना होत्या. पोपमहोदय जवळून दाखवायचे. समुदायातून म्हाताऱ्या बाया, धर्मभगिनी आणि धर्मगुरू निवडून दाखवायचे. तरुण, कामगार आणि क्षितिजापर्यंत पसरलेला जमाव टाळायचा. घरी बसलेल्या माणसाला वाटावे की हा वृद्धांचा एक धार्मिक सोहळा चालला आहे.

वॉर्साच्या विजय चौकात त्या दिवशी काही लाख लोक उभे होते. पोपमहोदयांचे प्रवचन टाळ्यांनी पुन्हा पुन्हा थांबत होते, आणि मध्येच सारा समुदाय भक्तिगीत गाऊ लागे. कॅमेऱ्याने गर्दी चौकटीबाहेर ठेवली तरी आवाज चौकटीत बसत नाही. म्हाताऱ्या बायांचा एक घोळका असा गात नाही, हे ऐकणाऱ्याला कळत होते. पोपमहोदयांनी प्रवचनाच्या शेवटी पवित्र आत्म्याने उतरून भूमीचे रूप नवे करावे अशी प्रार्थना केली आणि ‘या भूमीचे’ असे दोन शब्द त्यात आपले घातले. त्या दोन शब्दांचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. ज्यांच्या भागात तो कार्यक्रम दिसला नाही, त्यांनी नंतरची प्रवचने परदेशी केंद्रांवरून ऐकली.

दुसऱ्या दिवशी ग्निएझ्नो येथे पोपमहोदय शेजारच्या स्लाव राष्ट्रांविषयी बोलले. जमावात चेक भाषेतील एक फलक होता. आपल्या चेक लेकरांची आठवण ठेवा, अशी पोपमहोदयांना त्यावर विनवणी होती. चेकोस्लोव्हाकियाच्या माध्यमांतून या यात्रेला जवळपास स्थानच नव्हते, त्यामुळे तेथील कॅथलिकांना तिचा वृत्तांत रेडिओवरूनच मिळणार होता. रेडिओनेच कम्युनिस्ट राजवट पाडली असे काही लेखक उत्साहाने लिहितात, ते आम्हांस पटत नाही. चौकात उभे राहण्याचे धैर्य माणसांचे होते. आपण एकटे नाही, हे एका शहरातून दुसऱ्या शहरात नेण्याचे काम मात्र रेडिओने केले.

पुढच्याच वर्षी जे घडले, ते आम्हांस या संपूर्ण इतिहासातील सर्वांत हृद्य वाटते. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्क येथील लेनिन जहाजबांधणी कारखान्यात संप झाला. कारखान्याच्या फाटकावर पोपमहोदयांचे छायाचित्र लावलेले होते. कामगारांनी एकवीस मागण्या लिहून काढल्या. पगारवाढ, मांसाचा पुरवठा, निवृत्तीचे वय, पाळणाघरे अशा त्या मागण्या होत्या. पहिली स्वतंत्र कामगार संघटनेची, दुसरी संपाच्या हक्काची. आणि तिसऱ्याच क्रमांकावर, मुद्रणस्वातंत्र्याच्या सोबत, सर्व धर्मांच्या प्रतिनिधींना प्रसारमाध्यमे खुली करा, ही मागणी होती. ३१ ऑगस्टला करार झाला. लेक वालेसा यांनी त्यावर सही केली ती पोपमहोदयांचे चित्र असलेल्या एका भल्यामोठ्या स्मरणिका-पेनाने. रविवारची मिस्सा आकाशवाणीवरून प्रसारित केली जाईल, हे सरकारने करारात मान्य केले.

२१ सप्टेंबर १९८० रोजी, रविवारी, वॉर्सातील पवित्र क्रूस चर्चमधून पहिली मिस्सा प्रसारित झाली. संगीतकार शोपँ यांचे हृदय ज्या चर्चच्या खांबात जतन केलेले आहे, तेच हे चर्च. युद्धापूर्वी पोलिश आकाशवाणी मिस्सा ऐकवत असे. कम्युनिस्ट काळात ती परंपरा तोडण्यात आली होती. ती आता पुन्हा जोडली गेली.

जहाजावर लोखंड जोडणाऱ्या धट्ट्याकट्ट्या कामगारांना रेडिओवरच्या मिस्सेची काय गरज होती, असा प्रश्न कोणास पडेल. त्यांना स्वतःला नव्हतीच. ते चालत चर्चला जाऊ शकत होते. ती मागणी अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी, रुग्णालयातील भावासाठी आणि दूरच्या वाडीवरील वृद्धांसाठी होती. ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे की, प्रसारित मिस्सा ही प्रत्यक्ष सहभागाची जागा घेत नाही. परंतु ज्यांना येणे अशक्य आहे त्यांना ती आध्यात्मिक आधार देते. २०२० च्या टाळेबंदीत चर्चचे दरवाजे बंद झाले आणि आपण घरोघरी मोबाइलसमोर बसून मिस्सा ऐकली, तेव्हा या मागणीचे मोल आपल्यापैकी अनेकांना उमगले असेल.

१९८१ हे वर्ष मोठे कठीण गेले. २१ फेब्रुवारीला पोपमहोदय मनिला येथे होते आणि तेथील रेडिओ व्हेरितास केंद्रावरून त्यांनी आशियातील सर्व लोकांना संदेश दिला. त्याच तारखेला म्युनिकमध्ये रेडिओ फ्री युरोपच्या इमारतीत बॉम्बस्फोट झाला आणि काही कर्मचारी जखमी झाले. १३ मे रोजी संत पेत्राच्या चौकात पोपमहोदयांवर गोळ्या झाडल्या गेल्या. चारच दिवसांनी, रविवारी १७ मे रोजी, रुग्णालयात ध्वनिमुद्रित केलेला त्यांचा क्षीण आवाज जगाने ऐकला; आपल्यावर गोळी झाडणाऱ्या बंधूला आपण मनापासून क्षमा केली आहे, असे त्यांनी सांगितले. छापील निवेदनातून ते सामर्थ्य आले नसते. आवाज थकलेला होता, पण तो त्यांचाच होता.

१३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्की यांनी पोलंडमध्ये मार्शल लॉ पुकारला. मार्शल लॉ म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही. मे १९३० मध्ये या शहरातील गिरणी कामगार आणि नागरिक ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठले, तेव्हा १२ मेपासून ३० जूनपर्यंत येथे मार्शल लॉ होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन झाले ते त्यानंतर बरोबर एक महिन्याने. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण हुतात्म्यांच्या या नगरीत पोलंडची ती डिसेंबरची सकाळ अधिक लवकर समजते, असे आम्हांस वाटते.

त्या सकाळी पोलंडमधले दूरध्वनी मुके झाले होते. दूरचित्रवाणीवर वृत्तनिवेदक लष्करी गणवेशात बसले. हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. अशा वेळी रोमहून येणारा पोलिश शब्द हा अनेकांना बाहेरच्या जगाशी उरलेला दुवा होता. त्याच रविवारी पोपमहोदय आंजेलस प्रार्थनेच्या वेळी आपल्या देशबांधवांविषयी बोलले. पुढे १९८२ मध्ये बुधवारच्या भेटीच्या अखेरीस ते याझ्ना गूराच्या पवित्र मरियेला उद्देशून पोलिश भाषेत प्रार्थना करू लागले. त्या वर्षी याझ्ना गूराच्या मठात मातेच्या त्या चित्राच्या आगमनाला सहाशे वर्षे पूर्ण होत होती. प्रार्थना मातेला होती. ऐकणाऱ्यांना मात्र आपल्याविषयी काय म्हटले जात आहे, हे नीट कळत होते. प्रार्थनेवर बंदी घालणे कोणत्याही सरकारला अवघड जाते.

एप्रिल १९८२ मध्ये वॉर्सात सॉलिडॅरिटी संघटनेचा गुप्त रेडिओ काही मिनिटांसाठी सुरू झाला. आपले कोणी ऐकते आहे की नाही, हे निवेदकांना कळावे म्हणून त्यांनी श्रोत्यांना घरातील दिवे बंद-चालू करण्यास सांगितले. खिडक्याखिडक्यांतून दिवे मिचकले.

जून १९८३ मध्ये आणि पुन्हा जून १९८७ मध्ये पोपमहोदय मायदेशी गेले. १३ जून १९८७ रोजी ते लोड्झ शहरातील युनिऑन्टेक्स या कापड गिरणीत स्त्री-कामगारांना भेटले. चादरी आणि गिरण्यांच्या सोलापुरात वाढलेल्या वाचकाला ते दृश्य परके वाटू नये. त्याच्या आदल्या वर्षी, १० फेब्रुवारी १९८६ रोजी, पोपमहोदय आपल्या पुणे धर्मप्रांतात येऊन गेले होते. ज्या बिशपांच्या पत्रातील ओळी पोलंडमध्ये कापल्या गेल्या, त्यांनी पुण्यात मोकळेपणाने मिस्सा अर्पण केली.

जानेवारी १९८८ पासून पोलंडने रेडिओ फ्री युरोपवरचा गोंगाट थांबवला. सोव्हिएत संघानेही त्या वर्षाच्या अखेरीस तेच केले. जून १९८९ च्या निवडणुकीत सॉलिडॅरिटीने मोठा विजय मिळवला. रेडिओ फ्री युरोपची पोलिश सेवा काम संपल्याने १९९४ मध्ये बंद झाली. पवित्र क्रूस चर्चमधील मिस्सा मात्र त्यानंतरही दर रविवारी सकाळी नऊ वाजता आकाशवाणीवरून ऐकवली जात राहिली.